गिगाहर्ट्झ वाढवले, पण मे महिन्याचं काय?

ओव्हरक्लॉकिंगच्या बऱ्याच दंतकथा १९९८ सालातल्या आहेत. इंटेलने त्या वर्षी सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की यातले बरेचसे प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर पळायचे. दीडपट वेग, तोही फुकटात! डहाणू रोडहून लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून जुना संगणक आणायचा, असा बेत करणाऱ्या पोरांच्या डोक्यात आजही हाच दीडपटीचा हिशेब असतो. तळासरीकडचे त्यासाठी वापी गाठतात, एवढाच फरक.

कोणताही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, हा समज इथूनच आला. बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो गुणक इंटेलने बहुतेक प्रोसेसरांत तेव्हाच कुलूपबंद केला होता; २०११ पासून बसचा वेग वाढवण्याची वाटही जवळपास बंद झाली. नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड, अशी जोडी जमली तरच गुणक मोकळा मिळतो. कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या आय-फाइव्ह संगणकांत ही सोय जवळजवळ कधीच नसते. आय-थ्री १२१०० आणि एच६१० बोर्ड घेतला असेल, तर बायोसमध्ये रात्रभर शोधूनही वेगाचा पर्याय सापडणार नाही. एएमडीचं धोरण उदार आहे. २०१७ चा रायझन थ्री १२०० किंवा २०१९ चा ३२००जी हे स्वस्त प्रोसेसरही खुले आहेत. मात्र तिथे बोर्ड आडवा येतो. ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही, बी४५० आणि बी५५० वर येतो. दुकानात पैसे मोजण्याआधी बोर्डावरचा हा क्रमांक वाचावा.

आता उष्णतेकडे वळू, कारण आपल्याकडे सगळं घोडं तिथेच अडतं.

‘वेग दहा टक्के वाढवला, म्हणजे उष्णताही दहा टक्के वाढेल,’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के चढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता. रायझन थ्री १२०० मुळात ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ३.७-३.८ पर्यंतची चढण सहसा सोपी असते. त्यापुढच्या प्रत्येक टप्प्याला तो व्होल्टेज मागत सुटतो. १.३५ व्होल्टच्या पुढे रोजच्या वापरासाठी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा कूलर लावला की प्रोसेसर ‘थंडगार’ राहतो, हेही खरं नाही. पंख्याचा कूलर काय किंवा पाण्याचा काय, दोघेही प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. भरपूर काम दिल्यावर प्रोसेसर हवेपेक्षा ५० अंश वर जात असेल, तर जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत तो ७४ वर थांबतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी खोलीच ३८ अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर ८८ वर जातो. रायझनच्या या पिढ्यांची मर्यादा ९५ आहे. हिवाळ्यात रात्री केलेली चाचणी म्हणूनच इथे फारशी कामाची नाही. चाचणी दुपारी तीन वाजता करावी, शक्यतो मे महिन्यात; नाहीतर किमान ऑक्टोबरच्या उकाड्यात.

‘डहाणूची हवा दमट, म्हणून संगणक जास्त तापतो,’ हे तर सर्रास ऐकू येतं. दमट हवेत आपल्याला गदमदतं, कारण घाम वाळत नाही. हीटसिंकला घाम येत नाही. त्याच तापमानाची दमट आणि कोरडी हवा त्याच्यातून जवळपास सारखीच उष्णता काढून नेते. समुद्राची खोडी निराळी आहे. किनाऱ्याजवळ, मग ते डहाणू असो, चिंचणी असो की बोर्डी, हवेतला खार आणि दमटपणा मिळून रॅमच्या आणि जोडण्यांच्या धातूला खातात. तळासरीला महामार्गालगत खार कमी, पण धूळ भरपूर. हीटसिंकच्या पात्यांत ती नमदा धरून बसली की नवा कूलर घेऊनही उपयोग नाही. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बिघडतो. थर्मल पेस्टही मटारच्या दाण्याएवढी पुरे. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्याचं आहे. जाड थर उलट उष्णतेला अडवतो.

वीज केंद्र गावातच आहे, मग व्होल्टेजची काळजी कशाला, असाही एक भाबडा युक्तिवाद असतो. डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठी आहे. तुमच्या घरी येते ती महावितरणची वीज. स्टॅबिलायझर लावला की ओव्हरक्लॉक टिकतं, हेही तसंच. प्रोसेसरला लागणारं एक-सव्वा व्होल्ट मदरबोर्डवरची मंडलं तयार करतात आणि त्यांना १२ व्होल्ट एसएमपीएस पुरवतो. तोच हलक्या प्रतीचा असेल, तर भिंतीवरचा स्टॅबिलायझर काय करणार? पैसे आधी चांगल्या एसएमपीएसवर घालावेत, मग यूपीएसवर. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, हे एवढं एक कारणही यूपीएससाठी पुरेसं आहे.

विंडोज सुरू झाली, तासभर गेम चालला, म्हणजे सगळं स्थिर? नाही. चुकीच्या गणिताने फाइल हळूच खराब होते, संगणक मात्र चालूच राहतो. ओसीसीटी किंवा प्राइम९५ काही तास चालवावं, रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर. ज्या यंत्रावर लोकांचे दाखले आणि सातबारा निघतात, त्यावर हे प्रयोग करूच नयेत.

एवढ्या खटाटोपातून मिळतं काय? ३२००जीसारख्या प्रोसेसरवर गेम खेळणाऱ्याला मी वेगाला हात लावण्याआधी रॅम पाहायला सांगेन. त्यातलं ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरतं. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावल्या की रॅमची वाट दुप्पट रुंद होते, आणि गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. उष्णतेत जवळपास काहीच भर पडत नाही. दुसरा उपाय उलट दिशेचा आहे: वेग आहे तोच ठेवायचा आणि व्होल्टेज थोडंथोडं उतरवायचं. कंपन्या सगळे नग चालावेत म्हणून व्होल्टेज हात राखून जास्तच ठेवतात. ते उतरवलं की तोच प्रोसेसर कमी तापतो, पंख्याचा आवाजही कमी होतो. वरच्याच चाचण्या मात्र इथेही चुकत नाहीत. आणि ३० वॉट वाचले, तर रोज सहा तासांच्या वापरात महिन्याला जवळपास साडेपाच युनिटं वाचतात.

राहता राहिली ती भीती, की प्रोसेसर जळेल. मर्यादेला पोहोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, आणि तरीही तापला तर संगणक बंद पडतो. आयुष्य घटतं ते मुख्यतः वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेज दिल्याने, आणि ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. सेटिंग चुकून पडदा काळाच राहिला, तर ‘बोर्ड गेला’ म्हणून पिशवी उचलून वापीला धावू नका. वायर काढा, बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा. बायोस मूळच्या सेटिंगवर येतो आणि बहुतेक वेळा संगणक सुरू होतो.