काट्यावरचा शिक्का आणि रविवारची उपासना

शहागंजात माझे सुकामेव्याचे दुकान आहे. रविवारी सकाळी मी छावणीतल्या चर्चमध्ये उपासनेला जातो. ख्रिस्ती माणसाचे पवित्र जीवन म्हणजे काय, असे कोणी विचारले की मी आधी दुकानातला वजनकाटा दाखवतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. खोटे वजन देवाला खपत नाही, हे नीतिसूत्रांच्या पुस्तकाने कितीतरी शतके आधी सांगून ठेवले आहे. रोजा सोडण्यासाठी कोणी पाव किलो खजूर नेतो, तेव्हा ते वजन चोख भरणे हा माझा कायदाही असतो आणि माझी भक्तीही.

प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले ते इ. स. ५७ च्या सुमारास. गादीवर रोमन सम्राट नीरो होता. तरीही अधिकाऱ्यांचा मान राखा, कर द्या आणि तेही केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर विवेकाला स्मरून, असे पौल सांगतो. राज्यकर्ता आपल्या धर्माचा असावा, अशी अट त्याने घातलेली नाही. मराठवाड्यातल्या आमच्या शहरावर १९४८ पर्यंत निजामाची सत्ता होती. आज राज्यघटना आहे. सत्ता कोणाचीही असो, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कामच आहे.

कायदा चर्चच्या आतही असतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार सर्वसाधारणपणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचे आणि नोंदवहीत वधूवर व साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीमुळे १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही घरीच पाळला. १६ नोव्हेंबरला राज्यातली प्रार्थनास्थळे उघडेपर्यंत थांबलो. शेजाऱ्याचा जीव जपणे हीसुद्धा उपासनाच होती.

पण मान राखणे म्हणजे मान तुकवून गप्प बसणे नव्हे. येशूचे नाव घेऊ नका, असा हुकूम झाला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी मानली. शिक्षेपासून तो पळाला नाही की त्याने दगडही उचलला नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हेच केले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल झाले, त्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. सरकार त्यांच्याच धर्माच्या, ख्रिस्ती राणीचे होते, तरी रमाबाईंनी सत्य झाकले नाही. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले.

आमच्यापुढेही असा प्रश्न आहे. मराठवाड्यातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मूळची दलित समाजातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत; २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगही नेमला गेला. आमची मागणी ठाम आहे आणि तिची वाट न्यायालयाची, निवेदनाची, शांत मोर्चाची आहे.

मंडळीतल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे: कर भरा, पक्के बिल द्या, मतदान चुकवू नका, लाच देऊ नका आणि घेऊही नका. अन्याय दिसला तर सहीनिशी लेखी तक्रार करा. अधिकाऱ्यासाठी प्रार्थना आणि त्याच्याकडे तक्रार, दोन्ही एकाच दिवशी करता येतात.