उघडे अंग आणि परका किनारा

1983 साली आमच्या कॉलेजची सहल गोव्याला गेली होती. मंगेशी झाले, जुन्या गोव्यातील चर्च झाले आणि मग मागच्या बाकावरच्या मंडळींनी ड्रायव्हरला पटवून गाडी हणजुणेच्या किनाऱ्याकडे वळवली. कारण सांगायची गरज नव्हती. तिथे हिप्पी राहतात आणि ते विवस्त्र होऊन समुद्रस्नान करतात, ही कीर्ती आमच्या गावापर्यंत पोचली होती. एकाने तर घरून दुर्बीण आणली होती! आम्ही माडांच्या आडून पाळीपाळीने ती डोळ्यांना लावीत असता मासळी वाळत घालणारी एक बाई ओरडली, "लज ना रे तुमकां?" आम्ही हसलो. ती त्या गोऱ्या लोकांना बोलते आहे, असे आम्ही सोयीस्करपणे ठरवून टाकले.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे की, मध्यंतरी वर्गात बाली बेटाचा विषय निघाला. तिथे विवस्त्र फोटो काढणाऱ्या परदेशी प्रवाशांना देशाबाहेर घालवतात, हे ऐकून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पूर्वी तिथल्या बायकाच उघड्या अंगाने वावरत ना? मग आता पाहुण्यांनी तसे केले तर तक्रार का?" प्रश्न बिनतोड वाटतो. तास संपल्यामुळे उत्तर राहून गेले, ते येथे देत आहे.

प्रथम 'उघडे' म्हणजे काय ते पाहू. जुन्या बालीत स्त्री-पुरुष कमरेपासून खाली वस्त्र गुंडाळीत. कामाधामात कमरेवरचे अंग उघडे असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. सणासमारंभाला मात्र स्त्रिया छातीभोवती वस्त्र लपेटून घेत. म्हणजे तेथे लज्जा नव्हती असे नव्हे. तिची जागा वेगळी होती. नदीवर मंडळी उघड्यावर स्नान करीत, पण त्याचाही एक अलिखित नियम होता. स्नान करणाऱ्याकडे जाणाऱ्याने पाहायचे नाही. आडोसा भिंतीचा नव्हता, दुसऱ्याच्या सभ्यतेचा होता.

हा आडोसा मोडला तो कॅमेऱ्याने. 1906 आणि 1908 साली डच फौजांपुढे बालीतील राजघराणी शरण न जाता सहकुटुंब मृत्यूला सामोरी गेली आणि सारे बेट डचांच्या हाती आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1912 च्या सुमारास, ग्रेगोर क्राउझे हा जर्मन डॉक्टर बांगली येथे नोकरीस होता. त्याने काढलेली छायाचित्रे 1920 साली पुस्तकरूपाने जर्मनीत निघाली. त्यांत नदीवर स्नान करणारी माणसेही होती. मग बोटी भरभरून प्रवासी येऊ लागले, 1928 साली देनपासारला मोठे हॉटेल झाले, 1930 नंतरच्या चित्रपटांनी उरलेले काम केले. शेतावरून घरी निघालेली बाई, तिला न विचारता, जगाच्या करमणुकीचा विषय झाली. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तेथील सरकारने बालीच्या स्त्रियांनी अंगभर वस्त्र घ्यावे असा आग्रह धरला, त्यामागे ही बोच होती.

1969 साली बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीस खुला झाला आणि कुटा या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले. आता पाहुणेच उघडे होते! वास्तविक युरोपातही विवस्त्र राहण्याचा एक पंथ आहे. जर्मनीत तो विसाव्या शतकाच्या आरंभी वाढला, फ्रान्समध्ये माँतालिव्हे येथे 1950 साली त्याचे केंद्र निघाले आणि 1953 साली आंतरराष्ट्रीय संघही स्थापन झाला. या पंथाचे नियम कडक असतात. जागा ठरलेली, टक लावून पाहणे असभ्य, परवानगीवाचून फोटो नाही. म्हणजे हाही एक परस्परांतील करारच. बालीच्या नदीवरील करारासारखाच!

घोटाळा होतो तो एका ठिकाणचा करार दुसऱ्या ठिकाणी एकतर्फी लादल्यामुळे. बाली माणसाला किनारा म्हणजे केवळ वाळू नव्हे. 'न्येपी' या मौनाच्या सणापूर्वी देवळातील देवतांची प्रतीके वाजतगाजत समुद्रावर शुद्धीसाठी नेतात. मृतांची रक्षाही समुद्रातच सोडतात. अशा जागी कोणी विवस्त्र पहुडला, तर त्याने स्वातंत्र्य घेतले खरे, पण कोणाच्या घरात?

आता एक गंमत पाहा. 2008 साली इंडोनेशियाने अश्लीलताविरोधी कायदा केला, तेव्हा त्याला विरोध करण्यात बाली आघाडीवर होते. आपली शिल्पे, नृत्ये आणि पोशाख परक्या मापाने मोजले जातील, ही भीती होती. त्याच बालीने 2022 साली ताबानान भागातील एका पवित्र वृक्षावर विवस्त्र फोटो काढणाऱ्या परदेशी बाईची पाठवणी केली आणि 2023 साली प्रवाशांसाठी 'काय करावे, काय करू नये' याची यादीच जाहीर केली. यात विसंगती दिसते, पण ती नाही. आमच्या अंगणातील मर्यादा आम्ही ठरवू, राजधानीने नव्हे आणि पाहुण्यानेही नव्हे, हेच दोन्ही वेळचे म्हणणे होते. नाशिकला सिंहस्थात नागा साधूंना आपण हात जोडतो. म्हणून कोणी प्रवासी गोदाघाटावर कपडे उतरवू लागला तर आपण काय म्हणू?

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: पूर्वीची बाई तिच्या समाजाच्या नियमात होती, आजचा पाहुणा कोणाच्याच नियमात नाही. पण एवढे सांगून मला सुटता येत नाही. हणजुणेच्या त्या बाईचे तोंड समुद्राकडे नव्हते, आमच्याकडे होते. हे मला त्याच वेळी दिसले होते. कबूल करायला मात्र बरीच वर्षे लागली. हिप्पींनी तिचा किनारा न विचारता घेतला होता, हे खरेच. पण दुर्बीण आमच्या हातात होती.