आधी पाहुणा, मग सेवक

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या गोशेन कॉलेजने १९६८ साली एक प्रयोग सुरू केला. पदवीच्या अभ्यासक्रमातले एक सत्र विद्यार्थ्यांनी परदेशात काढायचे: साधारण सहा आठवडे अभ्यास आणि सहा आठवडे सेवा. पहिल्या तुकड्या युरोपातील जुन्या विद्यापीठांकडे गेल्या नाहीत. त्या कोस्टा रिका, जमैका आणि ग्वादलूप येथे गेल्या.

हे कॉलेज मेनोनाइट पंथाचे. सोळाव्या शतकात युरोपात उदयाला आलेला हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती घेणे नाकारतो. दुसऱ्या महायुद्धात या पंथाच्या अनेक अमेरिकी तरुणांनी लष्करी चाकरीऐवजी मनोरुग्णालयांत आणि जंगलांत काम केले होते. १९६८मध्ये व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते. अशा काळात, अशा समाजाला विद्यार्थ्यांनी सेवेसाठी देशाबाहेर जावे असे वाटणे स्वाभाविक होते.

पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये या कल्पनेच्या मुळावरच एकाने घाव घातला. ते होते इव्हान इलिच. पुढे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या पुस्तकामुळे त्यांचे नाव आपल्याकडेही परिचित झाले. मेक्सिकोतील खेड्यांत स्वयंसेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढे त्यांनी सांगितले की, हेतू चांगला असला म्हणून मदतीचा अधिकार मिळत नाही. ज्यांची भाषा येत नाही, त्यांच्या भल्यासाठी निघणे हा उद्दामपणा आहे. गावकऱ्यांना तुमच्याविषयी काय वाटते, हेही तुम्हाला कळणार नाही. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्या भाषणाचा मथितार्थ.

गोशेनची योजना इलिच यांना उत्तर म्हणून आखली गेली, असा माझा दावा नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, की योजनेतला क्रम नजरेत भरतो. तेथे सेवा आधी नाही. आधी स्थानिक कुटुंबात राहायचे, भाषा शिकायची, त्या देशाचा इतिहास समजून घ्यायचा, रोजचे अनुभव वहीत लिहायचे. घरी हुशार गणला जाणारा विद्यार्थी येथे बसचे भाडे विचारतानाही अडखळतो आणि यजमानांची लहान मुले त्याच्या चुका सुधारतात. या काळात गरजवंत तोच असतो.

आपल्याकडे वार लावून शिकलेल्यांना ही अवस्था ठाऊक होती. परक्याच्या ताटावर जेवताना त्या घराची रीत आपोआप शिकावी लागते आणि विद्येचा ताठा फार काळ टिकत नाही. फरक एवढाच, की वारावर जेवणारा गरिबीमुळे तेथे पोचलेला असे. हा विद्यार्थी संपन्न देशातून, परतीचे तिकीट घेऊन येतो.

त्यानंतर तो लहान गावातल्या शाळेत किंवा दवाखान्यात हाताखाली काम करू लागतो. तरीही इलिच यांचा आक्षेप पुरता मिटत नाही. सहा आठवड्यांत शाळेला शिक्षक मिळत नाही. मुलांना त्याचा लळा लागतो आणि त्याची जाण्याची वेळ होते. यजमान घरातला मुलगा मात्र असे सत्र काढायला सहसा इंडियानात येत नाही. हिशेब मांडला तर या तीन महिन्यांत अधिक सेवा त्या घराने केलेली असते. ‘सेवा’ म्हणून नोंद होते ती विद्यार्थ्याच्या नावावर. हे उमगून परतणारा विद्यार्थी इलिच यांच्या सल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर तरी पोचलेला असतो: तो शिकायला गेला होता.