फोटो जाहिरातीतला, पैसा तुमचा

२०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि मोबाइलचा कॅमेरा आपल्या वर्धा जिल्ह्यातही शेतीच्या कामाला लागला. पऱ्हाटीवरची बोंडअळीसुद्धा आता फोटोतच दाखवतात. पण शेतकरी बंधूंनो, जाहिरातीतल्या फोटोला भुलू नका! २०१६ मध्ये हुआवे कंपनीने पी-९ मोबाइलच्या प्रचारात टाकलेला फोटो कॅननच्या मोठ्या कॅमेऱ्याचा निघाला. कंपनीला माफी मागावी लागली. तेव्हा दुकानातच पानाचा फोटो काढा, मोठा करून पाहा, मगच पैसे मोजा. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

आणि तुम्ही काढलेला पिकाचा फोटो कोणी न विचारता बियाण्याच्या जाहिरातीत छापला तर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो हक्क तुमचा. ग्रामपंचायतीनेही पत्रक छापताना आधी विचारावं.