रॉसलिनचा दगड काय सांगतो

स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ असलेल्या रॉसलिन चॅपलमध्ये अनेक जण शिरतात ते गुपित शोधायला. २००३ मध्ये 'द दा विंची कोड' ही कादंबरी आली आणि टेम्पलर सरदारांनी, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, इथे दडवलेल्या ठेव्याची चर्चा जगभर पसरली. माझ्या मते या कथांनी डोळ्यांसमोरचं खरं आश्चर्यच झाकोळलं. विल्यम सिंक्लेअरने हे बांधकाम १४४६ मध्ये सुरू केलं. टेम्पलर पंथ तर पोपने १३१२ मध्येच बरखास्त केला होता. एका खिडकीवरची कणसं मक्याची आहेत, म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधीच कुणीतरी अमेरिका गाठली होती, असंही सांगतात. पण ती नक्षी गव्हाची किंवा निव्वळ कल्पनेतलीही असू शकते. तेवढ्या आधारावर महासागर ओलांडता येत नाही.

त्यापेक्षा 'शिकाऊ कारागिराचा खांब' जवळून पाहावा. तळाशी ड्रॅगनांची वेटोळी, आणि खांबाला पीळ घालत वर चढलेल्या भरगच्च वेली. वालुकाश्म छिन्नीला वश होतो खरा, पण एक घाव चुकला की पान गेलंच. याशिवाय शंभराहून अधिक 'हिरवे पुरुष', म्हणजे तोंडातून पालवी फुटलेले चेहरे, इथे कोरलेले आहेत. कथांमुळेच लोक येतात आणि त्यांच्या तिकिटांतून डागडुजी होते, हा आक्षेप मला मान्य आहे. दगडाला त्या पैशांची निकड होतीच. १९५० च्या दशकात आतून दिलेल्या सिमेंटच्या लेपाने ओल कोंडली, आणि छत वाळावं म्हणून पुढे इमारतीवर पोलादी मांडव उभारावा लागला.