मेणाचा शेक: आराम मिळतो, पण घरी नको



सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, बर्फातली मासळी निवडताना बोटांचे सांधे ठणकतात. आपल्या वरोरच्या किनाऱ्यावर हे दुखणं नवं नाही. त्यावर मेणाचा शेक चांगला, असं कुणीतरी सांगतं आणि लगेच प्रश्न येतो, "घरातली मेणबत्ती वितळवून चालेल का?" उत्तर आधीच सांगते: नाही. का, ते ऐका.

फिजिओथेरपीत पॅराफिन मेणात थोडं खनिज तेल मिसळतात. त्यामुळे ते कमी उष्णतेला पातळ होतं. हातासाठी ते यंत्रात साधारण ५२ ते ५४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. तेवढं गरम पाणी हात पोळेल, पण मेण आपली उष्णता सावकाश सोडतं. मेणबत्तीचं मेण बहुधा याहून जास्त तापल्यावर वितळतं, म्हणून ते भाजतं. शिवाय चुलीवर किंवा गॅसवर जास्त तापलेलं मेण पेट घेतं.

शेक देताना बांगड्या-अंगठ्या काढून हात धुतात आणि पूर्ण कोरडा करतात. हात मेणात बुडवून लगेच बाहेर काढायचा, थर गोठला की पुन्हा बुडवायचा. सहा ते दहा थर झाले की हातावर मोजाच तयार होतो. त्यावर प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून १५ ते २० मिनिटं बसायचं. मग मेण सोलून लगेच मूठ उघडायची, मिटायची. सांधे सैल झालेले असतात, तेव्हा व्यायाम सोपा जातो.

हाताला जखम, चीर किंवा खरूज असेल तर हा शेक नको. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तरी नको. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने हात बधिर झाला असेल तर मुळीच नको, कारण भाजलेलं कळतच नाही.

मग घरी काय करायचं? घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी घ्या, आधी कोपर बुडवून पाहा. दहा-पंधरा मिनिटं हात बुडवून पाण्यातच बोटं हलवा. हात बधिर असेल तर पाणी दुसरीकडून तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. शेकाने दुखणं काही वेळ उतरतं, आजार जात नाही. दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर राहत असेल आणि असे काही आठवडे गेले असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होतात. औषध वेळेत सुरू झालं तर बहुतेकदा ते टळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात हात दाखवा. मेणाचा शेक आपल्याला चालेल का आणि कुठे मिळेल, तेही डॉक्टरांनाच विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत वहीवर सही करताना एकमेकींची बोटं बघा. कुणाची सुजलेली दिसली तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.