मोटारीची मूळ जाळी

जुन्या मोटारीचे वय ओळखायचे तर जाणकार मनुष्य आधी तिचे तोंड पाहतो. म्हणूनच पुढची जाळी डागाळली, तर ती दुरुस्त करावी की नवी चकचकीत आणून बसवावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

आरंभीच्या बहुतेक मोटारींना जाळी नव्हतीच. इंजिन थंड राखणारा रेडिएटर उघडा असे व त्याभोवती धातूची चौकट असे. फोर्डचे 'मॉडेल ए' घ्या. १९२८-२९ च्या गाड्यांत ही चौकट निकेलचा मुलामा दिलेली होती; १९३० पासून ती न गंजणाऱ्या पोलादाची झाली. पुढे १९३२ च्या फोर्डला रेडिएटरपुढे जाळी आली, तीही रंगवलेली. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमियमची निळसर. १९२८ च्या गाडीला क्रोमियम चढवणे म्हणजे पगडीला प्लास्टिकचा तुरा लावण्यासारखेच!

आता दुरुस्तीकडे वळू. जाळी उतरवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक स्क्रूला चिठ्ठी बांधावी. पोलादी कांबी वाकली असेल, तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करावी. जुना मुलामा द्रावणात उतरवून घेतात. मग तांब्याचा थर देतात. त्याने बारीक खड्डे भरतात. तो घासून गुळगुळीत केल्यावर निकेल, आणि मूळ गाडीला असेल तरच शेवटी क्रोमियम. क्रोमियमचा थर अतिशय पातळ असतो. गंजापासून खरे रक्षण खालचे निकेल करते. खालच्या थरांत कंजूषी केली, की वरची झळाळी लवकरच पापुद्र्यांनी सुटते. हे काम मात्र घरी करू नये. क्रोमियमची द्रावणे विषारी असतात.

जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव जाळ्यांना अधिक जपावे लागते. डाग घालवण्यासाठी फार घासले, तर नक्षीच्या कडाच बोथट होतात.

बसवताना सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवावेत. बॉनेट लावून दोन्ही बाजूंची फट सारखी आहे ना हे पाहावे, आणि मगच आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. ओढून-ताणून बसवलेली ओतीव जाळी तडकते.

नवी जाळी पैसे टाकले की मिळते. घासून गेलेली मूळ धातू आणि तिच्यावरची कारागिराची खूण मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवावे, आणि उरेल तेवढेच नवे करावे.